निर्मितीत बदल की हानीची भरपाई?



शहापूर तालुक्यातील एक गृहस्थ मगरिबच्या नमाजनंतर माझ्यापाशी थांबले. कर्करोगामुळे त्यांच्या पत्नीचा एक स्तन काढावा लागला होता. डॉक्टरांनी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया सुचवली. नातलगांनी मात्र, अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे हराम आहे, असे बजावले. "मौलाना, खरे काय?"

शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही घरात उद्या हा प्रश्न उभा राहू शकतो. लाजेपोटी तो विचारला जात नाही, एवढेच.

निर्मितीत बदल करायला लावण्याचा सैतानाचा डाव सूरह अन्-निसाच्या 119व्या आयतीत सांगितला आहे. केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा हदीसमध्ये धिक्कार आहे. पण हदीसमध्येच अरफजा बिन असअद (रजि.) यांचाही वृत्तान्त आहे. युद्धात त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही ही मुभा मिळाली. निरोगी शरीर हौसेने बदलणे वेगळे आणि आजाराने हिरावलेले परत मिळवणे वेगळे, हाच त्याचा बोध. 2007 साली मलेशियातील पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही, स्तन काढावा लागल्यास त्याची पुनर्रचना वैध ठरवली.

मार्ग अनेक आहेत. सिलिकॉनचे रोपण करता येते, किंवा स्वतःच्या पोटाची वा पाठीची त्वचा आणि मांस वापरता येते. दुसरी शस्त्रक्रिया अधिक लांबते, पोटावर वा पाठीवर व्रण राहतो. स्तन काढतानाच हे करता येते किंवा उपचार संपल्यावरही. किरणोपचार घ्यायचे असतील, तर रोपणात गुंतागुंतीचा धोका वाढतो. मधुमेह असल्यास जखम भरण्याचा प्रश्न असतो. शस्त्रक्रिया नको असेल, तर कपड्यांच्या आत घालायचा कृत्रिम स्तन मिळतो. काहीच न करणे हाही एक मार्ग आहे.

हे सारे सांगून मी त्या गृहस्थांना विचारले, "भाई, त्यांची स्वतःची इच्छा काय?" त्यांनी मान खाली घातली. पत्नीला कुणी विचारलेच नव्हते.

वाचकहो, मुभा म्हणजे सक्ती नव्हे. धर्माचे नाव घेऊन तिला अडवू नका आणि पतीच्या समाधानासाठी तिला भागही पाडू नका. शरीर ही अल्लाहने तिच्या स्वाधीन केलेली अमानत आहे. आधी तिला विचारा.