दाब, धर, सोड

जुनी जीप-पिकअप दुरुस्त करायला घेतली की बहुतेक जण आधी इंजिनाला हात घालतात. वर्षानुवर्षं बाभळीखाली उभी असलेली गाडी एकदा धडधडली की अख्खी गल्ली गोळा होते, हे खरं. पण आमच्या साक्रीकडे कुणी विचारलं, तर मी आधी ब्रेक बघायला सांगतो. सुरतेच्या रस्त्यानं दहिवेल मागे टाकलं की कोंडाईबारीचा घाट लागतो. हौद्यात कांद्याच्या गोण्या आहेत, खाली नवापूरकडे उतरायचं आहे आणि पाय पेडलवर आहे. तिथे इंजिन किती गोड वाजतं याला काही किंमत नसते.

आणि ब्रेकचं काम त्या गाडीवर साध्या हत्यारांनी एकट्याला नीट जमत नाही. ते दोघांचं काम आहे.

ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा पोचतो. नळीत हवा शिरली की मात्र तो जोर हवा दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल मऊ लागतं. ही हवा काढायला एकानं सीटवर बसायचं, दुसऱ्यानं पान्हा घेऊन चाकामागे आडवं व्हायचं. मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या बाजूला असतो, म्हणून सर्वांत लांबचं चाक, म्हणजे मागचं डावं, आधी घ्यायचं. वरचा पेडल दाबून धरतो. खालचा चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, किंचित सैल करतो; बुडबुडे घेऊन ऑइल बाहेर येतं. तो निपल आवळतो, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. पाय क्षणभर आधी उचलला, तर गेलेली हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. खालच्याला पेडल दिसत नाही, वरच्याला निपल दिसत नाही. मध्ये असतात फक्त हाका. आमच्याकडे त्या अहिराणीत चालतात : “दाब रे भो.” “धरी ठेव.” “सोड आते.”

मित्राची मदत म्हटलं की आपल्याला त्याचं ज्ञान आठवतं : त्याला गाडीतलं कळतं, तो स्वस्तात पार्ट मिळवून देईल. मला वाटतं, मदतीचा हा भाग लहान आहे. ज्ञान मिस्त्रीकडेही असतं आणि तो त्याचे पैसे घेतो, ते रास्तच आहे. मित्र देतो ते दुसरंच. तो आपल्या सांगण्यावर पाय रोवून बसतो, आणि आपण ‘सोड’ म्हणेपर्यंत सोडत नाही. हौद्याचा गंजका पत्रा कापताना दुसरं टोक धरणारा, टॅपेटची फट तपासताना हँडल हळूहळू फिरवणारा, उन्हात निम्मं काम टाकून घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी आपणहून परत येणारा. असा माणूस नसल्यामुळे कितीतरी चांगल्या गाड्या अर्ध्या उघड्या राहून भंगारात गेल्या आहेत. पैसा नव्हता हे कारण नेहमी सांगितलं जातं, पण ते दर वेळी खरं नसतं.

महिंद्रांनी मुंबईत 1940 च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे दशकानुदशकं त्या गाडीची मूळ घडण फारशी बदलली नाही : शिडीसारखी चेसिस, पट्ट्यांचे पाटे, पान्ह्यानं खुलणारं सगळं. म्हणूनच ती आजही दोन माणसांच्या हाताला दाद देते. तिचं रूप मात्र राखावं. चकाचक रंग, रुंद टायर, वाढवलेले बंपर यांत गाडी हरवते. खरडल्यावर खालचा मूळ रंग दिसला, तर तोच द्यावा.

कायद्यानंही त्या मूळपणाची कदर केली आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. अशा गाडीवर धंदा मात्र करता येत नाही. म्हणजे कांदा वाहायचा की वारसा जपायचा, हे आधी ठरवावं लागतं. ज्यांना वाहायचाच आहे त्यांच्याबद्दल मला जास्त आपुलकी आहे, कारण पिकअप त्यासाठीच बनली. पण मग त्यांनी मालवाहू गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र वेळेवर घ्यावं, आणि घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरावा.

तुमच्या खळ्यात अशी एखादी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला भाव विचारण्याआधी तिचं आरसी बुक शोधा. ते सापडलं, तर त्याच दिवशी मित्राला फोन करा. आणि ब्रेकचे जुने रबरी कप परत वापरू नका, नवेच टाका.