एका माणसाच्या नऊ जागा

अष्टपैलू माणसाचे कौतुक करताना समाजाकडून एक प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो. इतक्या निरनिराळ्या कामांत त्याने प्रावीण्य मिळवले ते केवळ अंगच्या गुणांमुळे, की कोणत्याही एका जागेवर हक्काने पाय रोवून उभे राहण्याची मुभाच त्याला नव्हती म्हणून? हा प्रश्न विचारल्याने कौतुक उणावत नाही. उलट ज्याचे कौतुक करायचे त्याच्या आयुष्याकडे पुरतेपणी पाहिले जाते. क्यूबाचा बेसबॉलपटू मार्तीन दिहिगो याच्या कारकिर्दीचा विचार या प्रश्नाला बगल देऊन करताच येत नाही.

बेसबॉलच्या संघात क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागा असतात आणि व्यावसायिक खेळाडू सामान्यतः त्यांपैकी एखाद्या जागेसाठीच वर्षानुवर्षे घडवला जातो. मातीच्या उंचवट्यावरून, साठ फूट सहा इंच अंतरावरून, टप्पा न पाडता चेंडू टाकतो तो पिचर. बॅटरच्या मागे उकिडवा बसून तो चेंडू झेलतो तो कॅचर. धावा काढण्यासाठी ज्या ठाण्यांना स्पर्श करत धावायचे त्या बेसच्या आसपास चौघे उभे असतात, ज्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूला शॉर्टस्टॉप म्हणतात. आणि दूरवरच्या गवतावर तिघे आउटफिल्डर पसरलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला या सर्वांचे काम सारखेच वाटते, चेंडू अडवायचा आणि फेकायचा. परंतु फेकण्याची क्रियाच जागोजागी बदलते. पिचर पाय उचलून, अंग वळवून, खांद्यातली सारी ताकद एका लांब लयीत चेंडूत उतरवतो आणि पुढच्या चेंडूपूर्वी त्याला दम घ्यायला अवधी मिळतो. शॉर्टस्टॉपला जमिनीलगत सरपटत आलेला चेंडू वाकून उचलल्यावर ताठ उभे राहण्याचीही सवड नसते. कोपर आखडून, मनगटाच्या झटक्याने त्याला तो पहिल्या बेसकडे सोडावा लागतो. आउटफिल्डर मात्र दोन पावले पुढे झेपावत, हात पूर्ण मागे नेऊन लांब पल्ल्याची फेक करतो. हातमोजेसुद्धा एकसारखे नसतात, कारण पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा लांबट असतो, कॅचरचा जाड भरावाचा, तर शॉर्टस्टॉपचा लहान, म्हणजे चेंडू आत अडकून न बसता चटकन हाती येतो. अशा स्थितीत एका जागेवर हाडीमाशी खिळलेली सवय दुसऱ्या जागेवर अडथळा ठरते. दिहिगो पिचर म्हणून सामने जिंकून देई, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेसवर किंवा आउटफिल्डमध्ये उभा राही, आणि फलंदाजीत तर संघाचा आधारच असे. कारकिर्दीत त्याने जवळपास प्रत्येक जागा सांभाळली, आणि तीही तात्पुरती सोय म्हणून नव्हे, तर त्या जागेच्या जाणकाराच्या अधिकाराने.

विसाव्या शतकाच्या आरंभी क्यूबाच्या मातान्सास प्रांतात त्याचा जन्म झाला. हा उसाच्या मळ्यांचा मुलूख होता, आणि या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची गुलामी कायद्याने संपून (ती क्यूबात १८८६ मध्ये संपली) तेव्हा जेमतेम दोन दशके उलटली होती. स्पॅनिश सत्तेच्या काळात क्यूबातील तरुणांनी राज्यकर्त्यांच्या बैलझुंजीला पर्याय म्हणून बेसबॉल जवळ केला होता, त्यामुळे हा खेळ त्या बेटावर परका राहिला नव्हता. स्वातंत्र्याच्या आकांक्षेशी तो जोडला गेला होता. या खेळात पुढे येणाऱ्या क्यूबन मुलाची नजर साहजिकच उत्तरेकडे, अमेरिकेतील मेजर लीगकडे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धांकडे लागे. १९२३ मध्ये दिहिगो अमेरिकेत गेला तो मात्र मेजर लीगमध्ये नव्हे, तर क्यूबन स्टार्स या निग्रो लीगमधील संघात. गोऱ्यांच्या स्पर्धांची दारे बंद असल्यामुळे कृष्णवर्णीयांनी स्वतः उभारलेल्या व्यावसायिक स्पर्धांना त्या काळी निग्रो लीग म्हणत.

त्याच १९२३ साली दुसरा एक क्यूबन, अडोल्फो लुके, सिनसिनाटी रेड्स या मेजर लीगमधील संघाचा पिचर म्हणून २७ सामने जिंकत होता. दोघांचा देश एक, भाषा एक, आणि हवानातली हिवाळी मैदानेही एकच. लुके गोऱ्या वर्णाचा होता, दिहिगो काळ्या. अमेरिकेत एकाचे दार उघडे आणि दुसऱ्याचे बंद असण्याला याखेरीज दुसरे कारण नव्हते. परकेपणा, भाषेची अडचण, खेळाच्या दर्जाविषयी शंका अशा ज्या सबबी एरवी पुढे केल्या जातात त्या सर्व या एका जोडीपुढे गळून पडतात. लुकेच्या यशाला यामुळे बाध येत नाही, त्याने ते कष्टाने मिळवले होते. परंतु भेदभाव किती उघड्या डोळ्यांनी केला जात होता हे त्याच्या यशामुळेच दिसते.

हा वर्णभेद कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेला नव्हता. १८८७ च्या जुलैमध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम स्पर्धेच्या संघमालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे मतदानाने ठरवले आणि त्यानंतर हळूहळू सर्वच व्यावसायिक संघांत तोच अलिखित दंडक होऊन बसला. त्याच्या चौदाच वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता, कारण निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेली निःस्वार्थ वृत्ती जोतीरावांना अनुकरणीय वाटली होती. ती कृतज्ञता अस्थानी नव्हती, कारण ज्यांनी त्या कामी प्राण वेचले ते लोक खरेच होऊन गेले होते. तरीही कायद्याने तुटलेली बेडी रूढीने पुन्हा कशी घडवली जाते, आणि तिला लेखी स्वरूप नसल्यामुळे ती मोडायला किती कठीण जाते, हे त्याच देशाच्या लाडक्या खेळाने पुढची साठ वर्षे दाखवून दिले.

दिहिगोच्या अष्टपैलुत्वाचा या रूढीशी थेट संबंध आहे. मेजर लीगचा संघ पंचवीस खेळाडू बाळगू शके. निग्रो लीगमधील संघांना पैशाअभावी पंधरा-सोळा जणांवर भागवावे लागे, त्यातच बसने रात्र-रात्र प्रवास, वाटेत उपाहारगृहांत आणि वसतिगृहांत प्रवेश नाही, आणि दुखापत झालेल्याच्या जागी आणायला दुसरा माणूस नाही. अशा संघात ज्याला दोन-तीन जागा खेळता येत नाहीत त्याचे पोट भरणे अवघड होते. दिहिगो उन्हाळा अमेरिकेत किंवा मेक्सिकोत आणि हिवाळा क्यूबात असा जवळजवळ वर्षभर खेळे. विसावा हा त्याच्या कारकिर्दीचा भागच नव्हता. याउलट बेब रूथ हा गोरा खेळाडू बॉस्टनच्या संघात उत्तम पिचर होता आणि उत्तम बॅटरही. परंतु १९२० मध्ये तो न्यू यॉर्क यांकीजकडे गेल्यावर त्याला केवळ फलंदाजीवर लक्ष देता आले आणि त्या संघासाठी त्याने सबंध कारकिर्दीत फक्त पाच सामन्यांत पिचिंग केले. रूथला आपल्या दोन गुणांपैकी एक बाजूला ठेवण्याची चैन परवडली. दिहिगोला एकही गुण बाजूला ठेवणे परवडणारे नव्हते.

मग त्याचे अष्टपैलुत्व हे केवळ लादलेले ओझे होते काय? तसे म्हणणे त्याच्यावर दुसरा अन्याय करण्यासारखे होईल. सक्तीमुळे अनेकांनी अनेक जागा खेळून काढल्या, पण त्या प्रत्येक जागेवर प्रभुत्व मिळवणे सक्तीने साधत नाही. बक लेनर्ड आणि जॉनी माइझ हे दोघेही पहिल्या बेसवरचे थोर खेळाडू, एक निग्रो लीगमधला आणि दुसरा मेजर लीगमधला. आपण पाहिलेल्या खेळाडूंत दिहिगो सर्वश्रेष्ठ, असे दोघांनीही स्वतंत्रपणे सांगून ठेवले आहे. व्यवस्थेने त्याच्याकडून नऊ माणसांचे काम मागितले ही व्यवस्थेची लबाडी होती. ते काम त्याने ज्या निष्ठेने केले ती निष्ठा सर्वस्वी त्याची होती. एकीचा निषेध आणि दुसरीचा आदर या दोन गोष्टी एकाच वेळी मनात बाळगता येणे हीच इथे विवेकाची कसोटी आहे, आणि ती सोपी नाही, कारण आदराच्या भरात निषेध विसरला जातो.

त्याच्या खेळाला खरी मोकळीक मिळाली ती मेक्सिकोत. १९३७ मध्ये त्याने मेक्सिकन लीगच्या इतिहासातील पहिला ‘नो-हिटर’ टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना संपूर्ण सामन्यात एकाही फटक्यावर बेस गाठू दिला नाही. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, वेराक्रूसच्या संघाकडून खेळताना पिचर म्हणून त्याने १८ सामने जिंकले आणि केवळ दोन गमावले. नऊ डावांच्या एका सामन्यामागे त्याने स्वतःच्या दोषाने दिलेल्या धावांची सरासरी ०.९० होती, म्हणजे एकाहूनही कमी, जिथे तीनच्या आत राहणारा पिचर उत्तम गणला जातो. त्याच हंगामात त्याच्या फलंदाजीची सरासरी .३८७ होती, म्हणजे दर शंभर संधींमागे सुमारे एकोणचाळीस यशस्वी फटके, आणि फलंदाजीतील अव्वल स्थानही त्यानेच पटकावले. एकाच स्पर्धेत गोलंदाजी आणि फलंदाजी या दोन्ही बाजूंचे शिखर एकाच माणसाने गाठावे ही गोष्ट दुर्मिळातली दुर्मिळ आहे. मेक्सिकोत कृष्णवर्णीय खेळाडूला इतरांच्याच वसतिगृहात खोली मिळे, त्याच टेबलावर जेवता येई. तिथे आपल्याला माणूस म्हणून वागवले जाते, हे निग्रो लीगमधला शॉर्टस्टॉप विली वेल्स याने १९४४ मध्ये पत्रकार वेंडेल स्मिथ यांना स्पष्ट शब्दांत सांगितले होते. दिहिगोला त्या देशात लोक ‘एल माएस्त्रो’, म्हणजे गुरुजी, म्हणत.

जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत खचली, तेव्हा दिहिगोने चाळिशी ओलांडली होती. क्यूबाने १९५१ मध्ये आणि मेक्सिकोने १९६४ मध्ये त्याला आपापल्या बेसबॉल गौरवदालनांत स्थान दिले. २० मे १९७१ रोजी सिएन्फुएगोस येथे त्याचे निधन झाले. कूपर्सटाउन येथील अमेरिकेच्या गौरवदालनाने निग्रो लीगमधील कामगिरीसाठी पहिला खेळाडू, सॅचेल पेज, सन्मानित केला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आणि त्याआधी अशा खेळाडूंसाठी वेगळे दालन करण्याचा विचारही बोलून दाखवला गेला होता, जो लोकांच्या संतापामुळे सोडून द्यावा लागला. दिहिगोची निवड झाली १९७७ मध्ये. तिथल्या त्याच्या स्मृतिफलकावर त्याच्या अष्टपैलुत्वाचा गौरव आहे, परंतु या अष्टपैलुत्वाची गरज कोणी निर्माण केली याविषयी त्यावर एक अक्षरही नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगच्या प्रशासनाने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा बहाल केला आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिसळली. हे पाऊल स्वागतार्ह आहे, जुन्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतून एकेक धावफलक वेचून काढणाऱ्या संशोधकांच्या दशकांच्या कष्टांचे ते फळ आहे. तरीही दिहिगोच्या बाबतीत ते अर्धेच पडते, कारण मेक्सिकन लीग आणि क्यूबातील हिवाळी स्पर्धा या नोंदवहीत येत नाहीत, म्हणून १९३८ चा तो असामान्य हंगाम आजही तिच्याबाहेर आहे. तो मेजर लीगमध्ये घडला नाही हे खरे. पण का घडला नाही याचे उत्तर त्या नोंदवहीच्या मालकांनाच द्यायचे आहे. मेजर लीगमधील शोहेई ओहतानीने २०२२ मध्ये पिचर म्हणून १५ सामने जिंकत ३४ होम रन मारले, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडले, तेव्हा तुलनेसाठी सर्वत्र १९१८ च्या बेब रूथचे नाव निघाले, दिहिगोचे क्वचितच. ज्या कामगिरीला जागा नाकारली गेली तिची सरमिसळ इतर आकड्यांत करता येत नसेल, तर निदान त्या नोंदीशेजारी वेराक्रूसचे ते आकडे, त्यांचे साल आणि ते तिथे असण्याचे कारण स्वच्छ शब्दांत छापले जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे आणि ती पुरी करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.