दोन जोडण्या, एक वाट

तळवड्यात आयटी पार्क आणि सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनची छोटी वर्कशॉप्स शेजारी-शेजारी आहेत. इथल्या अनेक घरांतल्या संगणकाला मागून वायर असते आणि वायफायही चालू असतं. दोन्ही आहेत म्हणजे वेग दुप्पट, हा समज मात्र सोडावा.

दोन नळ सोडले की हंडा लवकर भरतो. दोन जोडण्या लावल्या म्हणून फाइल लवकर उतरत नाही. संगणक प्रत्येक जोडणीला एक आकडा देतो, मेट्रिक. ज्या जोडणीचा आकडा लहान, तिच्यावरून इंटरनेटची ये-जा. बहुधा ती वायर असते. वायफायचं चिन्ह दिसत राहतं. काम वायर करते.

ते योग्यच आहे. आजच्या वायरीत पाठवणं आणि घेणं एकाच वेळी चालतं. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, आणि शेजाऱ्याचं राउटरही त्याच चॅनेलवर असू शकतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दाट वस्तीत तीन म्हणजे काहीच नाही.

तरी हवेला कमी लेखू नये. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, ते अलोहानेट. दोन संदेश आदळले की दोघांनीही थोडं थांबायचं, पण सारखंच नाही. मग पुन्हा पाठवायचं. हा विचार सुधारून बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेट मांडलं. वायरीला शिस्त हवेने शिकवली.

वायर आणि वायफाय एकाच राउटरला लागलेले असतील, तर त्या दोन वाटा नव्हेत. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली की दोन्ही एकदम जातात. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद, की राउटरही बंद. दुसरी वाट खरोखर दुसरी हवी: मोबाइलचा हॉटस्पॉट. इथेही एक खोच आहे. वायर निघाली तर संगणकाला लगेच कळतं. वायर जागेवर, राउटरचा दिवा चालू, आणि पलीकडे काहीच नाही, हे त्याला अनेकदा उशिरा कळतं. तेव्हा वायर हाताने काढावी.

वायर आणि वायफाय या दोन्हींचा सर्वांत चांगला उपयोग कामाच्या वाटणीत आहे. वर्कशॉपच्या वरच राहणारा मालक ग्राहकाचं ड्रॉइंग वायफायवर घेतो आणि प्रोग्राम वायरीने खाली मशीनला पाठवतो. मशीनला इंटरनेट नको, म्हणून त्या वायरीला गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा पत्ता, द्यायचा नाही. आयपी पत्त्यांची मालिकाही वेगळी ठेवायची. दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते ठेवले, तर संगणक मशीनला भलत्याच बाजूला शोधत बसू शकतो. एवढं सांभाळलं की दोन्ही कामं दिवसभर एकमेकांच्या आड येत नाहीत.

वायफाय कधीही बसवता येतं. वायरीचा विचार भिंत उघडी असताना करावा लागतो. तळवडे-चिखलीत घर बांधत असाल, तर विजेचे पाइप टाकताना नेटवर्क केबलसाठी एक वेगळा पाइप टाकून घ्या, आणि राउटरपासून संगणकापर्यंतची वायर शंभर मीटरच्या आत ठेवा.