जात्यापाशी बोललेलं

मन मोकळं करायचं तर कामं बाजूला ठेवा, चार दिवस कुठेतरी जाऊन या, डोळे मिटून शांत बसा, असा सल्ला हल्ली उठताबसता मिळतो. ज्यांना जमतं त्यांनी जरूर तसं करावं. पण भोर तालुक्याच्या पूर्वेला, पुणे–सातारा रस्त्यापासून आत असलेल्या भोंगवलीसारख्या गावात बाईचा दिवस धारांनी उजाडतो आणि धारांनीच मावळतो. मधे डबे, रान, पाणी, पोरांचा अभ्यास. या दिवसात डोळे मिटून बसायची फट कुठली? मग मनाची मोकळीक तिच्या नशिबीच नाही असं म्हणायचं का? मला ते पटत नाही. स्वतःला आहे तसं मान्य करणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घडत आलं, ते हात कामात असताना, शेजारी कुणीतरी तेच काम करत असताना आणि मनातलं तोंडाने म्हणत म्हणत.

जात्यावरच्या ओव्या हा त्याचा सगळ्यात मोठा पुरावा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ हे दोघे मुळशीच्या डोंगरी भागात गोरगरिबांच्या संघटनेचं काम करत होते. बायकांचं जगणं बायकांच्याच तोंडून कळावं म्हणून १९८०च्या दशकात त्यांनी ओव्या टिपून घ्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढे संशोधक बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या आणि २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने त्या लोकांसमोर आणल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी स्वतःविषयी इतकं बोलून ठेवलेलं दुसरं भांडार मला तरी माहीत नाही.

हे बोलणं कसं होत असे ते नीट पाहण्यासारखं आहे. पहाटेची वेळ, घरात अंधार. जात्याशी दोघी समोरासमोर बसलेल्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मधूनच हात सोडून जात्याच्या तोंडात मूठभर दाणे वैरायचे, तेवढ्यापुरता दुसरीने भार घ्यायचा. अंधारात समोरचीचा चेहरा धड दिसत नाही, आपलाही तिला दिसत नाही. घरघरीमुळे पलीकडच्या खोलीत निजलेल्या सासूला शब्द कळत नाहीत. अशा आडोशाला बाई म्हणून जाते की मला भावजयीचा हेवा वाटतो, माहेरी आता कुणी विचारत नाही, मुलगी झाली तेव्हा माझंच तोंड उतरलं. समोरची तिला गप्प करत नाही, समजावतही नाही. ती पुढची ओवी म्हणते, त्यात तिचं स्वतःचं काहीतरी असतं.

जनाबाईची कथा मला इथे फार मोलाची वाटते. नामदेवांच्या घरची ही दासी दळायला बसली की विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळत असे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं आजही दाखवतात. देवाकडे मागायचंच तर आपल्या लोकांनी काय मागितलं? खुंट्याला दुसरा हात.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी मुलखात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिच्यातला विनाअट स्वस्वीकाराचा विचार साधा आहे आणि पचायला अवघड. माझं एखादं वागणं चुकीचं असू शकतं, ते मी सुधारावं. पण त्यावरून अख्ख्या माणसाला गुण द्यायचे नाहीत, ना दुसऱ्याला ना स्वतःला. ओवीतली बाई नेमकं हेच करते. हेवा वाटला हे ती सांगते, म्हणून मी वाईट असा निकाल देत नाही. एलिसना जे युक्तिवादाने साधायचं होतं, ते तिला सोबतीने साधतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. असं गाऊन गाऊन बायकांनी अन्यायच गोड मानून घेतला नाही का? काही ओव्यांत सीतेचा वनवास हा जणू सगळ्या बायकांचा ठरलेला भोग होऊन येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माजलगावच्या दलित बायकांनी त्याच जात्यावर बाबासाहेब गायले, आणि त्या ओव्यांत मान ताठ आहे. स्वतःला मान्य करणं आणि आपल्यावर लादलेलं मान्य करणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. किंबहुना जिला आपल्या रागाची लाज वाटत नाही, तीच एक दिवस ग्रामसभेत उभी राहून बोलते. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा झाला, तर तिथे ओवीने भागत नाही. डॉक्टरच गाठावा लागतो. १४४१६ हा सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा क्रमांक त्यासाठीच आहे.

गिरणी आली, जातं सुटलं. बायकांचे खांदे मोडायचे थांबले, याचं दुःख कुणी करू नये. बोलण्याची जागा मात्र हलली. ती आता खुरपणीच्या पातीवर सापडते. रानात ओळीने बसलेल्या बायका आपापली पात धरून पुढे सरकत असतात. एखादीचा हात आज चालत नाही, ती मागे पडते. शेजारीण काही न विचारता तिच्या पातीतलं चार हात तण आपल्याबरोबर काढत जाते. दोघी पुन्हा एका रेषेत आल्या की मग मागे पडलेली हळूच सांगायला लागते, रात्री घरात काय झालं ते.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. याच गावांतल्या तिशी ओलांडलेल्या मुलांना अशी पात कुठे आहे? शिरवळच्या नाहीतर खेड शिवापूरच्या कंपनीत कंत्राटावर पाळी करायची, सुट्टीला रान बघायचं. स्थळाकडून प्रश्न ठरलेले: जमीन किती, नोकरी कायम आहे का, पुण्यात फ्लॅट आहे का? दर नकारासरशी पोरगा मनात स्वतःचेच गुण कापत जातो. पारावर, टपरीवर मित्र असतात, पण तिथे थट्टा चालते, नाहीतर राजकारण. ‘मला वाईट वाटलं’ एवढं वाक्य काही त्याच्या ओठांवर येत नाही. भजनात तो टाळ धरतो तेव्हा त्याचा आवाज मोकळा होतो, पण ते शब्द संतांचे असतात, त्याचे स्वतःचे नसतात. आईने पातीवर बसून जे शेजारणीला सांगितलं, ते पोरालाही ऐकवावं, आणि बापाने धार काढताना आपल्या हुकलेल्या नोकरीचं, फसलेल्या विहिरीचं त्याच्याशी बोलावं. गोठ्यात धारेला बसलेला माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. बापलेकांना बोलायला तेवढा आडोसा पुरतो.