शेवटचं आदण

कागल तालुक्यातल्या एका गुळव्याच्या मुलीनं कथा लिहिली आणि कोल्हापुरात दिवाळी अंक काढणाऱ्या बाईंना नेऊन दिली. वडिलांचं गुऱ्हाळ बंद पडलं, ती ही कथा. ऊस कारखान्याला जाऊ लागला, चुलवाणापुढं बसायला माणूस मिळेना, हे तिनं नीट लिहिलं होतं. शेवटी श्रमाच्या प्रतिष्ठेवर भारदस्त परिच्छेद.

कथा बरी की वाईट, बाईंनी काहीच सांगितलं नाही. विचारलं ते एवढंच, "शेवटचं आदण उतरलं त्या रात्री वडील काय करत होते?"

"गोळी बघत होते. उकळता पाक थेंबभर गार पाण्यात टाकायचा, बोटांनी वळून बघायचा. गोळी झाली की काहील उतरवायची."

"मग?"

मुलगी घुटमळली. "गोळी झाली होती, बाई. पण दादा 'उतरवा' म्हणालेच नाहीत. माणसं खोळंबून उभी. ते आदण करपलं. दादांच्या हातून पहिल्यांदाच."

"हे कथेत का नाही?"

"दादांची चूक गावाला कशी सांगू?"

बाईंनी तिला 'सत्यकथे'बद्दल सांगितलं. १९८२ साली बंद पडलेल्या त्या मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत, कथेतल्या अडलेल्या जागा दाखवत, पुन्हा लिहायला लावत. कुणाकुणाला तो जाच वाटे. मला मात्र वाटतं, संपादकानं नवख्याच्या एका कथेपायी इतका जीव आटवावा, याहून मोठा मान लेखकाला कुठला? आज तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

मग बाईंनी कपाटातून 'गोतावळा' काढली. आनंद यादव कागलचेच, कादंबरी १९७१ची. शेतावर ट्रॅक्टर येतो, जनावरं जातात, गडी नारबा एकटा पडतो. सगळं त्याच्याच बोलीत. यंत्रयुगावर व्याख्यान कुठंच नाही.

"दादा का थांबले, ते तुला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "ते आदण लिहिलंस तर वाचणाऱ्यालाही कळेल. तुझा शेवटचा परिच्छेद त्याला ते कळूच देत नाही. पण छापण्याआधी दादांना वाचून दाखव. ते नको म्हणाले तर मी छापणार नाही."

मुलीनं कथा पुन्हा लिहिली. परिच्छेद गेला, करपलेलं आदण आलं. रात्री जेवणं झाल्यावर तिनं ती वडिलांना वाचून दाखवली. वाचताना तिचा आवाज दोनदा अडला. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छापू दे," ते म्हणाले. "पर गोळी म्या एकदा न्हाई, दोनदा बघितली हुती. पयल्या बारीलाच झाली हुती. तेवढं नीट कर."

अंकाची प्रुफं निघाली होती. मुलीचा फोन आला तशी बाईंनी लाल पेन घेतलं आणि 'एकदा' खोडून 'दोनदा' केलं.