हाडाची बासरी आणि रुग्णाचा शब्द

जर्मनीच्या नैर्ऋत्येस स्वाबियन जुरा नावाचा चुनखडीच्या डोंगरांचा प्रदेश आहे. तेथील होले फेल्स या गुहेत २००८ साली गिधाडाच्या पंखातील एका हाडाचे १२ तुकडे सापडले. ते जुळवल्यावर सुमारे २२ सेंटिमीटर लांबीची, ५ छिद्रांची एक बासरी सिद्ध झाली. तिचे वय ३५ ते ४० हजार वर्षे मानले जाते. छिद्रांच्या लगत अगदी बारीक रेघा कोरलेल्या आहेत. छिद्र नेमके कोठे पाडावे याचे माप घेताना त्या ओढल्या गेल्या असाव्यात. म्हणजे ती घडवणाऱ्याच्या मनात स्वरांच्या अंतराचा काही एक हिशेब होता. तिच्या प्रतिकृती करून त्या वाजवण्यातही आल्या आणि त्यांतून स्वच्छ स्वर उमटले.

हाड एवढे सांगते आणि थांबते. त्या गुहेत कोणती धून वाजली, ती शोकाची होती की शिकारीवरून परतलेल्यांच्या स्वागताची, ऐकणाऱ्यांनी तिला काय म्हटले असते, यांपैकी काहीही त्या हाडात उरलेले नाही. प्रतिकृतीतून निघणारा श्वास आजचा असतो, बोटे आजची असतात आणि त्या बोटांना ठाऊक असलेली स्वरपंक्तीही आजचीच असते. प्रागैतिहासिक संगीताचा अभ्यास ही एका अर्थाने मौनाचीच विद्या होय. मौनाचा स्वभाव असा, की त्यात प्रत्येकाला आपला आवाज ऐकू येऊ शकतो.

स्लोव्हेनियातील दिव्ये बाबे या गुहेत १९९५ साली सापडलेले गुहाअस्वलाच्या पिलाचे मांडीचे हाड हे या स्वभावाचे बोलके उदाहरण आहे. त्यावर दोन पूर्ण छिद्रे आहेत आणि दोन्ही टोकांशी आणखी छिद्रे असल्यासारखा भास होतो. उत्खनन करणारे इव्हान तुर्क यांच्या मते ही निअँडरथल मानवाची बासरी. फ्रान्सेस्को देरिको आणि अन्य संशोधकांच्या मते ही मांसभक्षक प्राण्यांच्या दातांची करणी. अवजारांनी हाडे भोकून पाहिली गेली, दातांच्या खुणांची तुलना झाली. वाद मात्र शमला नाही. एकाच हाडाकडे पाहून एकाला संगीत ऐकू येते आणि दुसऱ्याला केवळ भूक. हाड दोघांनाही होकार देत नाही आणि दोघांनाही अडवत नाही.

याच्या उलट प्रकारची चूक फ्रान्समधील मार्सुला गुहेतील शंखाच्या बाबतीत घडली. पायरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या गुहेच्या तोंडाशी १९३१ साली एक मोठा शंख सापडला. तो विधीप्रसंगीचे पेयपात्र असावा, असे ठरले आणि तुलूजच्या संग्रहालयात तो तसाच राहिला. त्याचे टोक तुटलेले होते. ते आपोआप तुटले असेल, असे मानले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की टोक हा शंखाचा सर्वांत कठीण भाग असून तो हेतुपुरस्सर तोडलेला आहे. आतल्या बाजूस गुहेच्या भिंतीवर आहेत तसेच तांबड्या रंगाचे ठिपकेही आहेत. एका वादकाने तो फुंकला तेव्हा सुमारे १८ हजार वर्षांपूर्वीच्या त्या शंखातून तीन स्वर निघाले. ज्या देशात शंख घरोघरी देवघरात असतो, तेथील वाचकाला या गोष्टीची गंमत वाटेल. पण मुद्दा गमतीचा नाही. नव्वद वर्षे तो शंख अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर होता. पाहणाऱ्याने त्याचे नाव आधीच ठरवले होते, म्हणून त्याला ओठ लावून पाहण्याची गरज भासली नाही.

नाव आधीच ठरवून टाकण्याचा हा दोष पुरातत्त्वापुरता मर्यादित नाही. ज्या ठिकाणी त्याची किंमत कोणाला तरी देहाने चुकवावी लागते, असे एक ठिकाण म्हणजे वैद्याची खोली. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या दोघांनी १९८४ साली अमेरिकेतील ७४ भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला अडवत होते आणि केवळ २३ टक्के भेटींत रुग्णाला आपले पहिले निवेदन पुरे करता आले. डॉक्टर क्रूर होते असा याचा अर्थ नव्हे. त्यांना निदानाची दिशा दिसली होती आणि उरलेले बोलणे त्या दिशेला अनावश्यक वाटले होते. शंखाला पेयपात्र म्हणणारेही असेच प्रामाणिक होते. गुहेतील हाड आणि दवाखान्यातला माणूस हे दोन विषय विद्यापीठांत दूरच्या इमारतींत शिकवले जातात. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. दुसऱ्याचा ध्वनी ऐकणारा त्याचा अर्थ कोणत्या अधिकाराने ठरवतो?

वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाला संगीताचाच एक धागा जोडलेला आहे. छातीवर बोटांनी ठोकून आतील स्थिती ओळखण्याची रीत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली मांडली. ते खाणावळवाल्याचे पुत्र. पिंपे ठोकून आतील मद्याची पातळी ओळखण्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे परंपरेने सांगितले जाते. याच आउएनब्रुगर यांनी सालिएरीच्या एका संगीतिकेची संहिताही लिहिली. पुढे १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक यांच्यासमोर हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे प्रशस्त नव्हते. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीशी आणि दुसरे आपल्या कानाशी धरले आणि हृदयाचे ठोके पूर्वी कधी नव्हे इतके स्पष्ट ऐकू आले. लाएनेक स्वतः बासरी वाजवत. सुरळीच्या जागी त्यांनी लाकडाची पोकळ नळी स्वतः घडवली. स्टेथोस्कोप तो हाच.

एका पोकळ नळीने गुहेतल्या माणसाचा श्वास बाहेर नेला. दुसऱ्या पोकळ नळीने रुग्णाच्या श्वासाचा आवाज वैद्याच्या कानापर्यंत आणला. या दुसऱ्या नळीचे उपकार अगणित आहेत. क्षयाने पोखरलेली फुप्फुसे मृत्यूपूर्वीच ओळखता येऊ लागली ती तिच्यामुळे. परंतु वैद्यकाच्या इतिहासकारांनी तिची दुसरी बाजूही दाखवली आहे. देह स्वतःच बोलू लागल्यावर देह ज्याचा आहे त्याच्या बोलण्याची गरज हळूहळू कमी होत गेली. रुग्णाचे कथन संदिग्ध, छातीतला आवाज मात्र विश्वसनीय, असा क्रम रूढ झाला. क्ष-किरण, रक्ततपासणी, संगणकावरची चित्रे यांनी तो अधिक पक्का केला. कान तीक्ष्ण झाला आणि ऐकणे अरुंद झाले.

भारतीय परंपरेला हा पेच अपरिचित नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. रोगी हा येथे चिकित्सेचा केवळ विषय नाही. तो तिचा एक आधार आहे. त्याच्या गुणांत स्मृती आणि निर्भयता यांच्याबरोबर आणखी दोन गुण गणलेले आहेत. एक निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणे. दुसरा ज्ञापकत्व, म्हणजे आपला रोग वैद्याला जाणवून देण्याची क्षमता. हे दोन गुण शेजारी ठेवले, की त्यांच्यातील ताण लक्षात येतो. पहिला रुग्णाला ऐकणारा करतो, दुसरा त्याला सांगणारा करतो. व्यवहारात पहिल्याचा आग्रह सर्वत्र धरला गेला. दुसऱ्यासाठी जो अवकाश लागतो, तो देण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न मात्र मागे पडला. ज्ञापकत्व हा रुग्णाचा गुण खरा, पण समोर ऐकणारा नसेल तर तो गुण प्रकट होण्यास जागाच राहत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात हे भान विसाव्या शतकात पुन्हा जागे झाले. मायकेल बालिंट यांनी १९५७ साली डॉक्टर, रुग्ण आणि आजार यांच्या नात्यावर ग्रंथ लिहिला. ईनिड बालिंट यांनी १९६९ साली रुग्णकेंद्री वैद्यकाची कल्पना मांडली. २००१ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आरोग्यसेवेच्या सहा उद्दिष्टांत रुग्णकेंद्रितेची गणना केली. आज हा शब्द धोरणांच्या मसुद्यांत आणि रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत सर्रास आढळतो. या प्रसारातच त्याची कसोटी आहे. केंद्रस्थानी असणे म्हणजे बोलणे नव्हे. गाभाऱ्यातील मूर्तीही केंद्रस्थानीच असते. तिच्या वतीने बोलतो तो पुजारी. रुग्णाला मध्यभागी बसवून त्याला काय हवे हे इतरांनीच ठरवायचे असेल, तर मखर बदलले एवढेच म्हणता येईल.

हा भेद पुरातत्त्वाच्याच एका शाखेने नकळत उजळ केला आहे. उत्तर व्हिएतनाममधील मान बाक येथे सुमारे ३५०० ते ४००० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत एका तरुणाचा सांगाडा मिळाला. त्याच्या मानेचे मणके जन्मतः जुळलेले होते आणि किशोरवयापासून त्याच्या शरीराचा खालचा भाग लुळा पडला होता. हातांचाही त्याला फारसा उपयोग नव्हता. तरीही तो त्यानंतर सुमारे दहा वर्षे जगला. कोणीतरी त्याला भरवले, स्वच्छ ठेवले, कुशीवर वळवले. त्यावाचून ही वर्षे शक्य नव्हती. लॉर्ना टिली यांनी मार्क ऑक्सनहॅम यांच्यासह २०११ साली हा अभ्यास मांडला आणि हाडांवरून शुश्रूषेचे अनुमान करण्याची एक पायरीबद्ध पद्धत विकसित केली: आधी रोगाचे वर्णन, मग त्यातून आलेल्या अक्षमतेचा अंदाज, मग लागलेल्या सेवेचे स्वरूप आणि सर्वांत शेवटी अर्थ.

अर्थाला शेवटची पायरी देण्यातला संयम मोलाचा आहे. तरीही त्या शेवटच्या पायरीवर प्रश्न उभा राहतोच. त्या तरुणाची जगण्याची इच्छा प्रबळ असावी, असेही अनुमान या अभ्यासातून पुढे आले. ते खरे असेल. परंतु त्या तरुणाला ते नाकारता येत नाही. त्याची सेवा झाली हे त्याचे मणके सांगतात. ती सेवा त्याला कशी वाटली, कोणत्या हाताचा स्पर्श त्याला हवासा होता आणि कोणता नकोसा, हे सांगणारा कोणी उरलेला नाही.

जिवंत माणूस आणि अवशेष यांतील निर्णायक भेद येथे आहे. जिवंत माणूस बोलतो, हा अर्धा भेद झाला. त्याच्याविषयी केलेल्या अनुमानाला तो ‘नाही, तसे नाही’ म्हणू शकतो, हा उरलेला अर्धा. रुग्णकेंद्री सेवेचे सारे मर्म या नकाराला जागा देण्यात आहे. ज्या खोलीत रुग्णाला डॉक्टरचे म्हणणे दुरुस्त करता येत नाही, तेथे तो कितीही काळजीने हाताळला जात असला तरी अवशेषाच्या पातळीवर उतरलेला असतो.

ही जागा दिली गेली तर काय घडते, याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यांपैकी फार थोड्यांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. स्त्रियांचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, असे नाव आधीच ठरवून बसलेल्या व्यवस्थेला ही वेदना ऐकूच आली नव्हती. पुढे रुग्णालय उभारताना तेथील आदिवासींना विचारले गेले आणि त्यांनी रूढ रुग्णालय नाकारले. त्यांना हवे होते ते आपल्या गावासारखे, नातलगांना सोबत राहता येईल असे, आपल्या देवीचे नाव असलेले ठिकाण. ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ त्या नकारातून आकाराला आला. राणी बंग यांच्या पुस्तकाचे नाव ‘कानोसा’ आहे. मराठीतील हा शब्द अर्थपूर्ण आहे. कानोसा घेणाऱ्याला आपण काय ऐकणार आहोत हे आधी ठाऊक नसते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो क्षुल्लक नाही. रुग्णाला आपल्या रोगाचे ज्ञान नसते. गाठ ही गाठच असते, रुग्ण तिला काहीही म्हणो. हे मान्य करावेच लागेल. छिद्र दाताने पडले की अवजाराने, याचा निर्णय मतदानाने होत नाही, तसा गाठीचाही होत नाही. रुग्णाचा नकार रोगाच्या वस्तुस्थितीला बदलत नाही. परंतु त्या गाठीसह कसे जगावे, किती उपचार सोसावेत, कशासाठी सोसावेत, हे प्रश्न गाठीत नसतात. ते माणसात असतात. लाएनेकची नळी पहिल्या प्रकारच्या सत्यापर्यंत पोहोचते. दुसऱ्या प्रकारच्या सत्याला शब्दावाचून मार्ग नाही.

मग ज्यांना शब्दच नाही त्यांचे काय? तान्हे मूल, बेशुद्ध रुग्ण, स्मृती हरवलेली वृद्धा हे सारे जिवंत असूनही नाकारू शकत नाहीत. येथे वैद्याने पुरातत्त्वज्ञाकडून शिकावे असे काही आहे. उत्तम पुरातत्त्वज्ञ हाडाला त्याच्या पुराव्यापेक्षा अधिक बोलायला लावत नाही. तो वाद उघडा ठेवतो, आपले अनुमान अनुमानच आहे हे नोंदवतो आणि नवा पुरावा येईल तेव्हा संग्रहालयातील चिठ्ठी बदलण्यास तयार असतो. मूक रुग्णाच्या उशाशी बसलेल्याला हाच संयम हवा. त्याच्या वतीने निर्णय तर घ्यावा लागतोच. पण तो त्याचाच निर्णय आहे, असे स्वतःला पटवण्याचा मोह आवरावा लागतो.

होले फेल्सच्या बासरीची धून कोणालाही परत मिळणार नाही. त्या हानीला कोणी दोषी नाही. काळच तेवढा लोटला आहे. रुग्णाच्या अर्धवट राहिलेल्या वाक्याविषयी मात्र असे म्हणता येत नाही. ते वाक्य अठराव्या सेकंदाला तुटते तेव्हा बोलणारा समोर बसलेला असतो आणि पुढचे सांगण्याची त्याची तयारी असते.