अनिकेत आणि निराधार

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना भगवंतांनी त्याला 'अनिकेत' म्हटले आहे. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. हा शब्द वाचताना पदपथावर निजणाऱ्या मनुष्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु भक्ताने घराविषयीचे ममत्व सोडलेले असते, आणि पदपथावरील मनुष्याचे घरच सुटलेले असते. एकाला बंधन उरलेले नाही, तर दुसऱ्याला आधार उरलेला नाही. पहिली अवस्था साधनेचे फळ होय. दुसरी हे समाजाने फेडावयाचे ऋण होय.

२०११ च्या जनगणनेत भारतात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक शहरांत होती. दिल्लीत पौष-माघाच्या रात्री पारा कधी कधी चार-पाच अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. अशा रात्री उड्डाणपुलाखाली कुडकुडणाऱ्या वृद्धाला उद्याच्या घराचे आश्वासन उपयोगी पडत नाही. त्याला त्याच रात्री छप्पर हवे असते.

येथे कोणी म्हणेल, शीत आणि उष्ण येतात व जातात, ते सहन करावे, असे भगवंतांनीच दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. खरे आहे, परंतु तो उपदेश साधकाने स्वतःस लावून घ्यावयाचा आहे. उबदार शय्येवरून दुसऱ्याला तितिक्षा शिकविणे हा गीतेचा अर्थ नव्हे. दुसऱ्याविषयीचा नियम सहाव्या अध्यायात आहे: जो आपल्याप्रमाणेच सर्वांचे सुख आणि दुःख पाहतो, तो श्रेष्ठ योगी. आपली थंडी सोसावी आणि दुसऱ्याची निवारावी, असे या दोन्ही वचनांचे तात्पर्य आहे.

दुसरी शंका प्रारब्धाची. ज्याचे त्याचे कर्म, आपण मध्ये का पडावे? परंतु दुसऱ्याचे प्रारब्ध पाहण्याची दृष्टी आपल्यापाशी नाही. आपले कर्तव्य मात्र आपल्यासमोर स्पष्ट आहे. शिवाय नेमक्या त्याच रात्री त्याच मार्गाने आपले जाणे झाले, हे तरी प्रारब्धाबाहेर कसे म्हणावे?

सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार सांगितला आहे. हिमासारख्या गार रात्री, उघड्या रस्त्यावर, परतफेड करण्यास असमर्थ असलेला मनुष्य समोर असताना आणखी कोणत्या पर्वकाळाची वाट पाहावी? मात्र घोंगडी अंगावर टाकून छायाचित्र काढून घेणे, हे फळाची इच्छा धरून केलेले राजस दान होय. सात्त्विक दाता विचारपूस करतो. निवारा जवळ असूनही मनुष्य तेथे का जात नाही, हे तो समजून घेतो. कोणाला आपली हातगाडी चोरीस जाण्याची भीती असते. कोणाला पत्नी-मुलांपासून वेगळे व्हावयाचे नसते. कोणी पूर्वी कोठे तरी ओळखीचा कागद नाही म्हणून परत लावला गेलेला असतो. ही भीती दूर झाल्यावाचून दार उघडे असूनही ते त्याच्यासाठी बंदच असते.

राज्यकर्त्यांचेही कर्तव्य आहेच. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात मोठ्या शहरांतून दर एक लाख लोकसंख्येमागे एक, आणि तोही बारमाही व अहोरात्र उघडा, असा निवारा असावा, असे निर्देश दिले. दिल्लीत अशा निवाऱ्यांना रैनबसेरे म्हणतात. परंतु आदेशाने भिंती उभ्या राहतात. रात्री अकरा वाजता निजलेल्याला हलकेच जागे करून तेथवर नेणारे पाऊल माणसाचेच लागते.

या दोन अवस्थांचा संबंध गाडगे महाराजांच्या चरित्रात उघड दिसतो. हाती खराटा, सोबत गाडगे आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र एवढाच ज्यांचा संसार, त्या महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरात तर, ज्यांना इतरत्र थारा मिळत नसे त्यांच्यासाठी, चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला. दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही दूरगावाहून आलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना आसरा मिळतो. ज्याने स्वतःसाठी घर धरले नाही, त्याच्या हातून इतरांसाठी घरे झाली. अनिकेत होण्याचा खरा अर्थ हाच.

म्हणून साधकाने थंडी आणि पाऊस सुरू होण्यापूर्वीच आपल्या गावातील रात्रनिवारा कोठे आहे, तेथे स्त्रियांची व कुटुंबांची वेगळी सोय आहे की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. नसेल तर चार जणांनी मिळून नगरपालिकेकडे मागणी करावी. तोवर मंदिराचा सभामंडप किंवा शाळेचा ओटा रात्रीपुरता मोकळा करून घ्यावा. कोणी आजारी दिसल्यास प्रथम रुग्णालयात न्यावे. बोलताना हाक आदराची असावी, कारण नवव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःस सर्वांचे निवासस्थान, शरण्य आणि सुहृद म्हटले आहे. जो निराधाराला रात्रीपुरते छप्पर मिळवून देतो, तो भगवंतांच्याच या कार्यात निमित्तमात्र होतो. आणि दार उघडताना ज्याच्या मनातील 'माझे' हा शब्द गळून पडतो, त्याने अनिकेततेचा पहिला पाठ घेतला असे समजावे.